पदक कशाची साक्ष देते?

अमेरिकेत शौर्यासाठी दिल्या जाणाऱ्या सर्वोच्च लष्करी पदकाचे नाव मेडल ऑफ ऑनर. हे पदक ज्या ज्या कामगिरीसाठी दिले गेले, त्यांची कालक्रमाने यादी केली तर अगदी वर एका डॉक्टरचे नाव येते. बर्नार्ड इर्विन, जन्म आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातला, साल १८३०. कामगिरीचा महिना फेब्रुवारी १८६१ आणि जागा अपाची पास ही आजच्या ॲरिझोना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातली डोंगरखिंड. या यादीतल्या तारखा मात्र नीट पाहायला हव्यात. १८६१च्या फेब्रुवारीत हे पदक अस्तित्वातच नव्हते. लष्करासाठी ते सुरू झाले जुलै १८६२ मध्ये, आणि इर्विनला मिळाले ते थेट १८९४ मध्ये, घटनेनंतर तेहेतीस वर्षांनी. अपाची पासमध्ये जे घडले ते पदक देण्याजोगे आहे असे सरकारला वाटायला एक पिढी जावी लागली. म्हणून प्रश्न पडतो, की पदक नेमकी कशाची साक्ष देते? या प्रकरणात मांडायचे आहे ते असे. पदक एका माणसाच्या धैर्याची साक्ष देते आणि ती साक्ष पुष्कळदा खरी असते. ते देणाऱ्यांच्या काळाचीही साक्ष देते, जी आपण सहसा वाचत नाही. पण ज्या कामासाठी ते धैर्य खर्ची पडले ते काम न्यायाचे होते का, याबद्दल पदक काहीही सांगत नाही. या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर इर्विनचे धैर्य नाकारावे लागत नाही आणि अपाचींची हकिगतही गाळावी लागत नाही.

आधी माणूस समजून घेऊ. इर्विन लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला. न्यूयॉर्कमध्ये त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८५२ मध्ये पदवी मिळवली. त्याची सुरुवातीची नोकरी वॉर्ड्‌स आयलंडवरच्या स्थलांतरितांच्या रुग्णालयात होती. त्या काळात या नोकरीचा अर्थ काय होता हे लक्षात घ्यायला हवे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने लागोपाठ बुडाले. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. जहाजांच्या तळाशी दाटीवाटीने, तापाने फणफणत आलेल्या आपल्याच देशबांधवांवर उपचार करत या तरुण डॉक्टरची उमेदवारी झाली. १८५६ मध्ये तो सहायक शल्यचिकित्सक म्हणून अमेरिकी लष्करात दाखल झाला. त्या लष्करातही त्याला परके वाटण्याचे कारण नव्हते. १८५०च्या दशकात अमेरिकेच्या खड्या फौजेतले निम्म्याहून अधिक शिपाई परदेशात जन्मलेले होते आणि त्यांत आयरिश लोकांचा भरणा सर्वांत मोठा होता. शहरात काम मिळेना, मिळाले तर मजुरी तुटपुंजी. लष्करात निदान दोन वेळचे जेवण, कपडे आणि ठरलेला पगार होता. आजवरच्या सुमारे साडेतीन हजार मेडल ऑफ ऑनर विजेत्यांपैकी अडीचशेहून अधिक जण आयर्लंडमध्ये जन्मलेले आहेत. दुसऱ्या कुठल्याही परदेशाचा आकडा एवढा मोठा नाही.

इर्विनची नेमणूक झाली फोर्ट ब्युकॅनन या ठाण्यावर. हा मुलूख अमेरिकेने मेक्सिकोकडून विकत घेतला होता आणि तो व्यवहार पुरा होऊन १८६१ मध्ये उणीपुरी सात वर्षे झाली होती. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने सह्या केल्या, पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अपाचींना कोणी विचारले नव्हते. अपाची पास या खिंडीतून टपाल आणि प्रवासी वाहून नेणारी बटरफील्ड कंपनीची घोडागाडी जात असे. तिथल्या झऱ्याजवळ कंपनीचे ठाणे होते. चिरिकावा अपाचींचा पुढारी कोचीझ याचे आणि या ठाण्याचे संबंध बऱ्यापैकी शांततेचे होते. मैलोन्‌मैल कोरड्या मुलखात पाण्याची ती एकच भरवशाची जागा, त्यामुळे झऱ्यावर कोणाचा ताबा आहे याला फार महत्त्व होते.

जानेवारी १८६१च्या अखेरीस जॉन वॉर्ड नावाच्या माणसाच्या मळ्यावर अपाचींचा छापा पडला. वॉर्डही मूळचा आयरिश. छाप्यात त्याची गुरे गेली आणि बारा वर्षांचा सावत्र मुलगा फेलिक्स पळवला गेला. फोर्ट ब्युकॅननचा प्रमुख कर्नल मॉरिसन याने सेकंड लेफ्टनंट जॉर्ज बॅस्कम याला चोपन्न शिपाई देऊन मुलाच्या शोधात पाठवले. गुरे आणि मुलगा परत मिळाले नाहीत तर बळ वापरण्याची मुभा दिली. बॅस्कमने अपाची पासमध्ये तळ ठोकून कोचीझला निरोप धाडला. कोचीझ ४ फेब्रुवारीला आला तो भाऊ, पुतणे, बायको आणि मुले यांना घेऊन. लढाईच्या बेताने येणारा माणूस कच्च्याबच्च्यांना बरोबर आणत नाही. तंबूत बसल्यावर बॅस्कमने मुलाचा विषय काढला. कोचीझ म्हणाला, मुलगा आमच्याकडे नाही, तो कोयोतेरो अपाचींकडे असावा. मला थोडे दिवस द्या, मी शोधून आणण्याचा प्रयत्न करतो. बॅस्कमने सांगितले, की मुलगा मिळेपर्यंत तुम्ही सगळे आमच्या कैदेत. कोचीझने कमरेचा सुरा काढला, तंबूचे कापड टरकन फाडले आणि भोवतीच्या शिपायांमधून, गोळ्या चुकवत तो टेकडीवर पसार झाला. त्याची माणसे मागे अडकली. चिरिकावांच्या आठवणीत या साऱ्या प्रकरणाची ओळख ‘तंबू फाडला ती वेळ’ अशीच आहे. लष्करी कागदपत्रांत त्याला बॅस्कम प्रकरण म्हणतात. एका बाजूने नाव दिले ते अधिकाऱ्यावरून, दुसऱ्या बाजूने सुऱ्याच्या त्या एका फटकाऱ्यावरून.

पुढे घडले ते दोन्हीकडून क्रूर होते, आणि यात अपाचींना सोवळे ठरवण्याची गरज नाही. कोचीझने टपाल ठाण्याचा नोकर जेम्स वॉलेस याला पकडले. वाटेने आलेल्या मालगाड्यांच्या एका तांड्यातल्या मेक्सिकन माणसांना चाकांना बांधून जाळले गेले आणि त्यांतल्या अमेरिकनांना ओलीस ठेवले गेले. ओलिसांची अदलाबदल करण्याची तयारी कोचीझने दाखवली. मुलगा हाती आल्याशिवाय अदलाबदल नाही, यावर बॅस्कम अडून बसला. अपाचींनी त्याची खेचरे पळवली. आता त्याच्याकडे ना हालण्याचे साधन होते, ना पुरेसे मनुष्यबळ. मदतीचा निरोप घेऊन त्याचा माणूस फोर्ट ब्युकॅननला पोचला.

इर्विनची कामगिरी इथे सुरू होते. ठाण्यावर घोडदळ नव्हते. इर्विन लढाऊ अधिकारीही नव्हता. त्याची जागा औषधांच्या पेटीपाशी. तरीही त्याने स्वतःहून पुढे येऊन तुकडीची सूत्रे घेतली. चौदा माणसे, घोडे नाहीत म्हणून खेचरे, आणि शंभर मैलांची वाट. फेब्रुवारीतल्या हिमवादळात ही पंधरा जणांची तुकडी निघाली. पलीकडे किती अपाची असतील याचा कोणाला अंदाज नव्हता. एखाद्या घळीत गाठ पडली असती तर या पंधरांचे काय झाले हे सांगायलाही कोणी उरले नसते. वाटेत त्यांना गुरे हाकत नेणारे काही कोयोतेरो अपाची दिसले. इर्विनने पाठलाग करून तिघांना पकडले, गुरे सोडवली आणि ती पुढे घालून तो बॅस्कमच्या तळावर पोचला. पदकाच्या नोंदीत एवढेच आहे, आणि त्यातल्या धैर्यावर शंका घेण्याचे कारण नाही. ज्याचे काम जखमा शिवण्याचे, त्याने कोणीही हुकूम दिलेला नसताना मरणाच्या वाटेवर खेचर घातले. सहकाऱ्यांसाठी जिवावर उदार होणे याला शौर्य म्हणत नसतील, तर शौर्य कशाला म्हणायचे?

नोंद इथे संपते, घटना मात्र संपत नाही. काही दिवसांनी घोडदळाच्या दोन तुकड्या येऊन मिळाल्या आणि शोध घेताना वॉलेस व इतर तीन ओलिसांची छिन्नविच्छिन्न प्रेते सापडली. त्यावर बॅस्कमच्या ताब्यातल्या सहा अपाची पुरुषांना ओकच्या झाडांना टांगून फाशी देण्यात आली. तिघे कोचीझचे नातलग, त्यांत त्याचा भाऊ कोयुंतुरा. उरलेले तिघे इर्विनने वाटेत पकडलेले कोयोतेरो. बायका-मुलांना सोडून दिले. फाशीची कल्पना कोणाची, याचे उत्तर शोधायला शत्रूच्या कागदांत जावे लागत नाही. इर्विनने स्वतःच पुढे लिहून ठेवले, की सूचना त्याची होती, बॅस्कम कचरत होता, आणि आपण पकडलेल्या तिघांवर आपला अधिकार आहे असे सांगून त्याने ती पुढे रेटली. कोचीझच्या तिघा नातलगांचा ओलिसांच्या खुनात हात असणे शक्य नव्हते, कारण ओलीस मारले गेले तेव्हा ते कैदेत होते. कोयोतेरोंचा तर चिरिकावांच्या या भांडणाशी काही संबंधच नव्हता. ते आपल्या वाटेने चालले होते. ज्या तिघांना पकडल्याबद्दल पदकाच्या नोंदीत इर्विनची वाहवा आहे, तेच तिघे झाडाला लटकले. हे त्या नोंदीत नाही.

आणि तो मुलगा? कोचीझ म्हणाला होता ते खरे निघाले. फेलिक्स पश्चिमेकडच्या, म्हणजे कोयोतेरो अपाचींमध्ये वाढला, त्यांची भाषा शिकला आणि पुढे मिकी फ्री या नावाने अमेरिकी लष्करातच वाटाड्या आणि दुभाषा म्हणून नोकरीला लागला. तंबूतल्या त्या संभाषणात एक जण खरे बोलत होता आणि दुसऱ्याने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, याचा हा चालताबोलता पुरावा पुढे कित्येक वर्षे लष्कराच्या हजेरीपटावर होता. दरम्यान कोचीझ अकरा वर्षे लढत राहिला. १८७२ मध्ये जनरल हॉवर्ड फौजेविना त्याला भेटायला डोंगरात गेला तेव्हा कुठे तह झाला.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की आपण आजच्या फूटपट्टीने १८६१ मोजतो आहोत. आक्षेप गंभीर आहे, पण इथे तो लागू पडत नाही. कचरणारा बॅस्कम १८६१ मधलाच होता. कोणाच्या गुन्ह्यासाठी कोणाला टांगायचे, हा प्रश्न त्या तळावर त्याच दिवशी उभा राहिला होता, आणि तो उभा राहिला होता म्हणूनच इर्विनला आग्रह धरावा लागला. पुढे ॲरिझोनातल्या गोऱ्या वसाहतवाल्यांपैकीच काहींनी या प्रकरणाबद्दल बॅस्कमला उघड दोष दिला. त्यांना अपाचींबद्दल माया नव्हती; त्यांचे मळे जळले होते. ज्या काळाची फूटपट्टी वापरायची तोच काळ असा दुभंगलेला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चिरिकावांशी युद्ध तसेही अटळ होते, कोचीझच्या माणसांनी याआधीही गुरे पळवली होती, मेक्सिकोच्या सोनोरा प्रांताशी अपाचींचे हाडवैर पिढ्यांचे होते. मग एका तंबूवर सगळा भार का टाकायचा? हे मान्य करायला हवे, की युद्धाचे एकमेव कारण बॅस्कम प्रकरण नव्हते. जमीन आणि पाणी यांवरचा झगडा कधीतरी पेटलाच असता. पण अटळतेचा हा युक्तिवाद पदकाच्याही विरोधात जातो. व्यक्तींच्या निवडीने काही फरक पडत नसेल, तर इर्विनच्या स्वतःहून पुढे येण्यालाही काही मोल उरत नाही. खेचरावर बसण्याचा निर्णय त्याचा म्हणून आपण त्याला श्रेय देतो. मग फाशीची सूचनाही त्याचीच, आणि तिचा हिशेबही त्याच्याच नावावर मांडायला हवा.

तिसरा आक्षेप असा, की पदके फक्त गोऱ्यांनी गोऱ्यांना दिली असे चित्र खोटे आहे. ते खरोखरच खोटे आहे. जनरल क्रूकच्या १८७२-७३च्या मोहिमेत लष्कराच्या बाजूने लढलेल्या दहा अपाची वाटाड्यांना १८७५ मध्ये हेच पदक मिळाले. त्यामुळे कातडीचा रंग हा एकच निकष होता असे म्हणता येत नाही. पण निकष काय होता हे या दहा नावांवरूनच स्पष्ट होते: धैर्य राज्याच्या कामी यायला हवे. पन्नासेक बंदुकांच्या गराड्यातून एका सुऱ्याच्या बळावर निसटणाऱ्या कोचीझचे धैर्य इर्विनपेक्षा तसूभर कमी नव्हते, पण ते नोंदवायला कुठल्याच वहीत रकाना नव्हता. यात पदकाची लबाडी नाही, ती त्याची मर्यादा आहे. एखादे राज्य आपल्या सेवेची नोंद ठेवते, तिलाच शौर्याचा संपूर्ण इतिहास मानण्याची चूक वाचणाऱ्याची असते.

आता १८९४ या सालाकडे वळू. १८९०च्या जनगणनेनंतर अमेरिकेत सरहद्द म्हणून काही उरले नाही असे अधिकृतपणे जाहीर झाले होते. १८९३ मध्ये फ्रेडरिक टर्नर या इतिहासकाराने शिकागोत निबंध वाचून, अमेरिकन स्वभाव घडवला तो या सरहद्दीनेच, असे मांडले. जुने सैनिक आपापल्या कामगिरीसाठी पदकांचे अर्ज करत होते आणि त्या दशकात जुन्या लढायांसाठी शेकडो पदके वाटली गेली. इर्विनही तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होता. जानेवारी १८९४ मध्ये त्याला पदक मिळाले. त्याच वर्षी, अपाची पासमधल्या झऱ्यावर ताबा ठेवण्यासाठी १८६२ मध्ये उभारलेले फोर्ट बोवी हे ठाणे काम उरले नाही म्हणून बंद झाले. आणि त्याच वर्षी चिरिकावा अपाचींना युद्धकैदी म्हणून अलाबामातून ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलला हलवण्यात आले. १८८६ मध्ये चिरिकावा पुढारी जेरोनिमो याने शरणागती पत्करल्यावर बायका-मुलांसकट सगळ्यांना आगगाडीत घालून फ्लोरिडाला धाडले होते. लष्कराच्या चाकरीत असलेले चिरिकावा वाटाडेही त्यातून सुटले नाहीत. फोर्ट सिलला गेलेल्या कैद्यांत कोचीझचा मुलगा नायचे होता. १९१३ पर्यंत ते कैदीच राहिले. पदक, बंद पडलेले ठाणे आणि हलवलेले कैदी या एकाच हिशेबातल्या तीन नोंदी आहेत. झऱ्यासाठी कोणाशी झगडायचे उरले नाही तेव्हाच त्या झगड्याचा पहिला वीर निश्चित झाला.

याचा अर्थ इर्विन हा एका प्रसंगापुरता उरतो असा नाही. १८६२च्या एप्रिलमध्ये अमेरिकी यादवी युद्धातल्या शायलोच्या रणभूमीवर त्याने रिकाम्या पडलेल्या छावणीचे तंबू एकत्र करून जखमींसाठी रुग्णालय उभे केले. अमेरिकी लष्करी वैद्यकात ते तंबूंतल्या रणरुग्णालयाचे आद्य उदाहरण मानले जाते. असंख्य जीव वाचवणारी ही रीत तिथून रुजली. त्याला ज्यासाठी पदक मिळाले त्यापेक्षा ज्यासाठी मिळाले नाही ते काम माणसांच्या अधिक उपयोगी पडले, असे म्हणायला हरकत नाही. एकाच माणसाने एका वर्षी सहा निरपराधांच्या फाशीचा आग्रह धरला आणि पुढच्या वर्षी परक्यांचे प्राण वाचवायला रात्रीचा दिवस केला. माणसे अशीच असतात. पदकाला हे सांगता येत नाही, पण चरित्राला सांगता येते.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. हीच गोष्ट आपल्या ओळखीच्या एका शहरात तीनच वर्षे आधी घडली होती. ३ एप्रिल १८५८ रोजी ह्यू रोजच्या फौजेने झाशीवर हल्ला चढवला. तिच्यातल्या ८६व्या पलटणीचे नावच आयर्लंडच्या डाउन परगण्यावरून होते. त्या दिवसाच्या कामगिरीसाठी या पलटणीतल्या जेम्स बर्न आणि जेम्स पिअर्सन या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बर्नने आपल्या कॅप्टनच्या साथीने एका जबर जखमी लेफ्टनंटला गोळीबारातून उचलून आणले होते. हे शौर्यच आहे. पण त्याच वेळी तटाच्या आत वरसईचे विष्णुभट गोडसे होते आणि गल्लीबोळांतून चाललेली कत्तल, घरोघरची लूट त्यांनी पाहिली. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा वृत्तांत नसता तर त्या दिवशीची झाशी आपल्याला फक्त पदकांच्या नोंदींतून दिसली असती. राणीचे वडील मोरोपंत तांबे पुढे फाशी गेले, जसा कोयुंतुरा गेला. आणि जून १८५७ मध्ये जोखनबागेत युरोपीय बायका-मुलांची हत्या झाली होती, तीही विसरून चालत नाही, जशी चाकांना बांधलेल्या मेक्सिकनांची विसरून चालत नाही. स्वतःच्या देशात परक्या सत्तेखाली भरडलेले, भुकेने घर सोडलेले आयरिश तरुण दुसऱ्यांच्या मुलखात त्याच प्रकारच्या सत्तेचे हत्यार झाले. त्यांच्यापैकी बहुतेकांना पर्याय फार थोडे होते, त्यामुळे भुकेल्या शिपायाला सगळा दोष देता येत नाही. पण इर्विन भुकेला शिपाई नव्हता. तो शिकलेला, हुद्द्यावरचा माणूस होता, आणि म्हणूनच त्याच्या निवडीकडे बारकाईने पाहणे हे त्याच्याशी न्यायाने वागणे आहे.

मग अशा पदकांचे करायचे काय? ती काढून घ्यावीत का? पदकाचा अर्थ कायमचा गोठलेला नसतो, हे अमेरिकेने स्वतःच दाखवले आहे. १९१७ मध्ये जुन्या पदकांची छाननी होऊन ९११ नावे यादीतून वगळली गेली. त्यांत ८६४ नावे मेन राज्याच्या एकाच पलटणीतली होती, आणि मेरी वॉकर ही महिला शल्यचिकित्सकही होती. १९७७ मध्ये तिचे पदक तिला मरणोत्तर परत मिळाले. इर्विनचे नाव या छाननीत टिकले आणि धैर्यापुरते पाहिले तर ते टिकणे रास्त होते. १८९० मध्ये वूंडेड नी इथे लाकोटा स्त्रिया-मुलांवर गोळीबार झाला. त्या दिवसाच्या पदकांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावरचा वाद आजही शमलेला नाही. तिथे मुळात लढाई झाली का, इथूनच शंका आहे. इर्विनच्या बाबतीत काढून घेण्यासारखे काही नाही, जोडण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. चौदा माणसे, खेचरे आणि शंभर मैल या नोंदीखाली आणखी काही ओळी लिहायला हव्यात: मुलगा कोयोतेरोंकडे होता, कोचीझने खरे सांगितले होते, पकडलेले तिघे फासावर गेले, आणि पदक दिले त्या वर्षी कोचीझचा मुलगा कैदेत होता. एवढे लिहिल्याने इर्विनने हिमवादळात कापलेले शंभर मैल एका मैलानेही कमी होत नाहीत.